भोपळा मंडळ

पाटीवर नाव आहे ‘तथागत जलतरण मंडळ’. शाळेतल्या गुरुजींनी निळ्या रंगात लिहून दिलेली ती पाटी अजून विहिरीच्या काठावरच्या पिंपळाला लटकते आहे. पण ‘जलतरण’ हा शब्द आमच्या वस्तीत धड कोणाच्या तोंडात बसला नाही. ज्यानं मंडळ काढलं त्या माझ्या भावाच्या, शेषरावच्या, तोंडातही नाही. वरच्या आळीतले लोक हसून ‘भोपळा मंडळ’ म्हणायचे, कारण आमची पोरं पाठीला वाळलेले भोपळे बांधून पोहायला शिकत. पुढं आम्हीही तेच म्हणू लागलो. चिडवणाऱ्याचं नाव आपणच उचललं की त्याचा अर्धा उत्साह जातो.

मी भागिरथा, शेषरावची धाकटी बहीण. मला केनवडला दिली होती. नवरा गेल्यावर परत आले आणि आता वस्तीतली बालवाडी चालवते. मंडळात मी कधीच नव्हते. त्या काळी बायका मंडळात नव्हत्याच; आम्ही काठावर बसून मंडळाचे लंगोट धुवायचो. म्हणूनच सांगते, मंडळाचा इतिहास माझ्याइतका जवळून कोणी पाहिलेला नाही. पोहणाऱ्यांचं काय, त्यांची तोंडं पाण्यात असतात.

सुरुवात लखमापासून धरावी लागते. लखमा आमचा सर्वांत धाकटा भाऊ. तेव्हा आम्ही बौद्ध झालो नव्हतो. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती, म्हणून आमच्या बाया नदीच्या डोहातून पाणी आणत. एका सकाळी आईसोबत गेलेला लखमा शेवाळावरून घसरला. डोह काही फार मोठा नव्हता. पण अख्खी वस्ती काठावर जमली आणि उभीच राहिली. एकालाही पोहता येत नव्हतं. वरच्या आळीतली पोरं दर उन्हाळ्यात पाटलाच्या विहिरीत उड्या मारून शिकत. आमचं पोर त्या विहिरीत नुसतं वाकून बघायला लागलं तरी दगड यायचे. ज्यांना पाण्याला शिवू दिलं नाही त्यांना पोहणं येणार कुठून? माझी आई काठावरची माती उचलून उचलून डोहात टाकत होती, जणू तो बुजवता आला असता. मी तेव्हा अगदी लहान होते. अजूनही ते आठवलं की मला रडू येण्याआधी राग येतो.

शेषराव तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचा. काही दिवसांनी तो घर सोडून हिंगोलीकडं एका पुलाच्या कामावर गेला. तिथल्या भोई लोकांत राहून तो पोहायला शिकला. परत आला तेव्हा खांदे रुंद झालेले, आणि बोलणं आधीपेक्षाही कमी.

मग छप्पन साल आलं. आम्ही दीक्षा घेतली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वस्तीनं स्वतःची विहीर खणली. कोणाकडून काही मागितलं नाही. माझे वडील म्हणाले, एका बाजूनं पायऱ्या ठेवा, कारण आयुष्यभर दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी प्यालो, आता स्वतः उतरून ओंजळीनं पिऊ द्या. पाणी लागलं त्या दिवशी म्हातारा पायऱ्यांवर बसून प्याला, आणि इतकं प्याला की त्याला ओकारी झाली. आम्ही हसून हसून बेजार. काठावर पिंपळाचं रोप लावलं, आणि शेषरावनं सगळ्यांसमोर सांगितलं, “या वस्तीतलं एकबी पोट्टं आता पान्यानं मरनार नाई. मी शिकवतो. ज्याले चालते त्यानं धाडा, ज्याले नाई चालत त्याचं पोट्टं मी उचलून नेतो.”

आणि त्यानं खरंच उचलून नेली. खेमा नावाचं एक भित्रं पोर होतं, ते कणगीत लपायचं. शेषराव त्याला कणगीतून काढून, पाठीला भोपळे बांधून, कमरेला दोर लावून पाण्यात सोडायचा. पोरं दात वाजवत त्रिशरण म्हणायची. थंडीनं ‘गच्छामि’चे चार तुकडे व्हायचे. थोड्या दिवसांनी एक भोपळा सुटायचा, मग दुसरा, शेवटी दोर. दोर सुटला की पोराची आई वस्तीभर फुटाणे वाटायची.

पण दोर सुटला म्हणजे सभासद झालं असं नाही. त्यासाठी शेषरावचा एकच नियम होता. अशोक विजयादशमीला, विहीर काठोकाठ असताना, पोरानं बुडी मारून तळाची मूठभर माती आणायची आणि पिंपळाच्या मुळाशी टाकायची. शेषराव म्हणायचा, “बुडाले हात लागल्याबिगर पान्याचं भेव जात नाई.” पोर खाली गेलं की काठावरचे सगळे त्रिशरण म्हणायला लागत. ‘दुतियम्पि’ची दुसरी फेरी संपेपर्यंत डोकं वर यायचं, काळ्या चिखलाची मूठ उंच धरलेली. त्या चिखलावर पिंपळ असा फोफावला की बघत राहावं. आमच्या वस्तीतल्या जवळपास प्रत्येक तरण्या माणसाची एक मूठ त्याच्या बुडात आहे.

सत्तर साली नदीला पूर आला आणि रिसोडहून येणारी एसटी फरशीपुलावर अडकली. पाणी दारातून आत शिरलं. वरच्या आळीतले पोहणारे वीर काठावरून सूचना देत होते, आणि भोपळा मंडळाची पोरं दोर धरून आत गेली. सगळे उतारू सुखरूप काढले. त्यात दौलतरावांची आई गोजराबाई होती. दौलतराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. ज्या पाटलाच्या विहिरीची गोष्ट मी सांगितली, तो पाटील त्यांचाच बाप. गोजराबाईला खेमानं, कणगीत लपणाऱ्या त्याच खेमानं, खांद्यावर बसवून आणलं. घरी जाऊन तिनं आधी आंघोळ केली म्हणे. आधीच नखशिखांत भिजलेली बाई, आणखी किती आंघोळ करणार! पण दौलतराव दुसऱ्या दिवशी वस्तीत आले, पिंपळाखाली जरा वेळ उभे राहिले, आणि शेषरावला “बरं केलं” एवढंच म्हणून गेले. आमच्याकडं तेवढंही पहिल्यांदाच घडत होतं.

शेषरावची बायको कस्तुराबाई, माझी वहिनी. ती कमी बोलणारी नाही. तिचं बोलणं शेजारच्या शेतात ऐकू जातं. त्यांना दोन लेकरं, थोरला इंद्रभान आणि धाकटी पंचफुला. इंद्रभान पायऱ्यांवरच मोठा झाला म्हटलं तरी चालेल. पाच वर्षांचा असताना त्याचा दोर सुटला. वहिनीनं फुटाण्यांत गूळही घातला होता. पण त्याच्या हातात मूठभर माती कधी येते याकडं शेषरावचे डोळे लागले होते. तो तोंडानं म्हणायचा नाही. सकाळी पोर विहिरीवर निघालं की तो हातातलं काम टाकून मागं जायचा, तेवढ्यावरून आम्हाला कळायचं.

बहात्तरला पाऊस दगा देऊन गेला आणि विहीर पहिल्यांदा आटली. आटलेला तळ बघायला सगळं मंडळ खाली उतरलं. इतकी वर्षं ज्याला फक्त हातानं चाचपलं होतं त्यावर आता पाय ठेवून उभे होते. खेमा इकडंतिकडं बघून म्हणाला, “बस, इतकंच होतं काय?” चिखलात हरवलेल्या वस्तू सापडल्या. दोन तांबे, एक विळा, आणि वहिनीचं जोडवं, ज्यासाठी तिनं माझ्यावर वर्षभर संशय घेतला होता. जोडवं सापडल्यावर तिनं माझी माफी मागितली नाही. वर म्हणाली, “तुमी तवाच इहिरीत पाहाले सांगाचं होतं ना, बाई!”

मग ठरलं की विहीर खोल करायची. दिवसा आम्ही सरकारी कामावर रस्त्याची खडी फोडायचो आणि संध्याकाळी येऊन विहीर खणायचो. आमच्याकडं विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. आमची विहीर तीन परस होती. काळा गाळ उपसला, त्याखाली लाल मुरूम लागला, मुरुमाखाली पाषाण. गावोगाव विहिरी फोडणारे वडार बोलावून सुरुंग लावले. उन्हाळा संपेपर्यंत विहीर पाच परस झाली होती, आणि खालच्या एका फटीतून मनगटाएवढी धार सुरू झाली होती.

त्या उन्हाळ्यात अख्ख्या वस्तीत थंडगार जागा एकच, ती म्हणजे विहिरीचा तळ. काम नसेल त्या दुपारी आम्ही सगळे खाली जाऊन बसायचो. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकर आणि जवसाची चटणी तिथंच खायचो. बाया निवडणं-टिपणं घेऊन उतरायच्या. कोणाचं तान्हं तिथंच झोपायचं. एका बाजूला पाषाणाचा चपटा कट्टा राहिला होता, त्यावर इंद्रभान हातपाय पसरून पडायचा. दुसरं कोणी बसलं की भांडायचा, “उठा! माही खाट हाय थे.” दुष्काळ होता, पोटं खपाटीला गेली होती, पण त्या तळाशी आम्ही जितके हसलो तितके नंतर कधी हसलो नाही.

हे मी एवढं लांबण लावून सांगते, कारण पुढं जे झालं त्यावर बाहेरचे लोक म्हणाले, या माणसांना अक्कल नव्हती काय? विहीर दोन परस खोल केली आणि तोच नियम चालू ठेवला? अक्कल होती. पण ज्या ठिकाणी बसून भाकर खाल्ली, ज्या ठिकाणी लेकरू झोपवलं, त्या ठिकाणाची भीती कोणाला वाटते? तो तळ आमच्या लेखी घरातला एक खोलगट कोपरा होता. तो पाण्याखाली गेला तरी आमच्या डोळ्यांपुढं कोरडाच होता. ही चूक आमच्याशिवाय कोणाकडूनही झाली नसती, कारण दुसऱ्या कोणी तो तळ स्वतःच्या हातांनी केला नव्हता.

त्र्याहत्तरला पाऊस भरपूर झाला. विहीर भरली ती पार वरच्या पायरीपर्यंत. विजयादशमीला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत काठावर जमली. पिंपळाला निळा झेंडा होता, एका बाजूला खिरीचं भगुणं चढलेलं. दुष्काळामुळं आदल्या वर्षी कोणी सभासद झालं नव्हतं, त्यामुळं यंदा तीन पोरं उभी होती. आधी कोण उतरणार, असं खेमानं विचारलं. शेषराव म्हणाला, “आधी माहा. आपलं लेकरू मांगं ठेवून दुसऱ्याचं पुढं धाडाचं नाई.”

इंद्रभान लंगोट आवळून पायरीवर आला. तेरा वर्षांचा, बापासारखे खांदे नुकते भरायला लागलेले. मी म्हटलं, “इंद्र्या, दम भरून जाय बरं.” तो हसला. “आत्या, माही खाट हाय तिथी. डोये मिटून जातो.” वहिनी पदरात फुटाणे घेऊनच बसली होती. पंचफुला तिच्या मांडीवर, एकेक फुटाणा चोरून खात.

त्यानं बुडी मारली. आम्ही त्रिशरण सुरू केलं. ‘दुतियम्पि’ संपलं. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर, हसऱ्याच. ‘ततियम्पि’ही संपलं. मग काय म्हणायचं ते कोणाला सुचेना, म्हणून कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि आम्ही मागून म्हणू लागलो. मध्यावर शेषरावनं कपड्यांसकट उडी मारली.

तो वर आला तेव्हा हात रिकामे होते. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. खेमा गेला, मंडळातले एकामागून एक सगळे गेले. पुरातून एसटी रिकामी करणारे ते सगळे पोहणारे वर येऊन पायऱ्यांना धरून खोकत होते. एकाचाही हात तळाला लागला नाही. तळ तिथं नव्हताच, जिथं त्यांनी आयुष्यभर तो गाठला होता. तो दोन परस खाली होता, आणि तो खाली आम्हीच नेला होता. काठावरच्या प्रत्येकाला त्याच क्षणी ते कळलं. कोणी कोणाकडं बघितलं नाही.

कोणीतरी म्हणालं, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणा. शेषराव पाण्यातूनच ओरडला, “गळ बादलीले लावतेत! माह्या पोराले नाई लावू देनार!” त्याचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

खेमा ओल्या अंगानं दौलतरावांच्या वाड्याकडं पळत गेला. दौलतराव जेवत होते म्हणे, तसेच उठले. बैलबंडीवर डिझेल इंजिन टाकून, दोन गडी घेऊन, ते स्वतः वस्तीत आले. इंजिन काठावर बसवलं आणि पाणी उपसायला सुरुवात झाली. ज्या पाण्यासाठी आम्ही उन्हाळाभर पाषाण फोडला, ते पाणी पिंपळाच्या बाजूनं वाहत जाऊन नाल्यात पडत होतं. खिरीचं भगुणं त्या ओघात कलंडलं. वहिनी बसल्या जागची हलली नव्हती. फुटाणे अजून पदरात होते. ती एकसारखी म्हणत होती, “थो निजला असंन. थो तिथी निजतेच. उठवा त्याले कोनी.” मी तिला धरून बसले होते. मला रडता येत नव्हतं, नुसती इंजिनाची धडधड छातीत होत होती.

गोजराबाई काठी टेकत आली. आमच्या वस्तीत ती आयुष्यात पहिल्यांदा आली असेल. ती वहिनीच्या शेजारी ओल्या जमिनीवर बसली आणि वहिनीचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं आंघोळ केली की नाही, मला माहीत नाही. मला विचारावंसंही वाटलं नाही.

ऊन कलताना पाणी दोन परस उतरलं होतं. म्हणजे विहीर आता होती तेवढीच खोल, जेवढी ती पूर्वी असायची. शेषरावनं इंजिन बंद करायला लावलं आणि बुडी मारली. या वेळी तो रिकामा आला नाही.

इंद्रभानची उजवी मूठ मिटलेली होती. तिथंच पायरीवर वहिनीनं ती उघडली. आत लाल मुरूम होता, पावसात कडेनं ढासळून तळाच्या पाषाणावर साचलेला. तो तळापर्यंत पोचला होता. मूठ भरून वर निघाला होता, आणि वाटेत त्याचा दम संपला. शेषराव त्या मुरुमाकडं बघत राहिला. मग त्यानं तो मुरूम वहिनीच्या हातातून घेतला, पिंपळापाशी गेला, आणि मुळाशी ठेवला. मंडळाचा शेवटचा सभासद असा झाला. बाकीची दोन पोरं त्यांच्या आयांनी केव्हाच घरी ओढून नेली होती.

त्यानंतर मंडळ बंद झालं. कोणी तसा ठराव केला नाही, कोणी शेषरावला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं. लोक विहिरीतून पाणी न्यायचे, पण वरून, रहाटावरून. पायऱ्या कोणी उतरेना. भोपळे शेषरावच्या घराच्या आढ्याला टांगलेले राहिले. तो कामाला जायचा, यायचा, जेवायचा. एकदा फक्त मला म्हणाला, “भागिरथे, लखमाले वाचवनारं कोनी नोयतं. माह्या पोरापाशी तर समदे होते वं.” मी त्याच्या शेजारी बसून रडले. तो रडला नाही.

दोन उन्हाळे असे गेले. पण पोरं ती पोरं, आणि उन्हाळा तो उन्हाळा. पायऱ्या बंद झाल्या तशी ती चोरून नदीवर जायला लागली, त्याच डोहावर. त्यांना पोहता येत नव्हतं, कारण शिकवणारा घरात बसला होता. पंच्याहत्तरच्या मे महिन्यात खेमाचं पोर डोहात गटांगळ्या खाताना एका गुराख्यानं केस धरून ओढून काढलं. पोर वाचलं. पण ही बातमी वस्तीत आली तेव्हा वहिनी चुलीपुढं भाकर थापत होती. तिनं पीठ भरलेले हात तसेच झटकले, स्टूल घेतलं, आढ्याचे दोन भोपळे खाली काढले, आणि पंचफुलेचा हात धरून विहिरीकडं निघाली. पंचफुला तेव्हा नऊ वर्षांची. मी मागोमाग.

शेषराव पिंपळाखाली बसला होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली. “उठा. इले शिकवा.”

“मले नाई होत,” तो म्हणाला.

“काहून नाई होत?”

“तुले नाई माहीत काहून?”

“मले समदं माहीत हाय. माहा पोरगा गेला, तुमचाच नाई गेला फक्त. थो शिकून गेला. ही न शिकता जाईन त मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?” बोलता बोलता तिचा आवाज फुटला. “तुमी नाई उतरत त मी उतरतो.”

आणि ती खरंच उतरली. जिला पोहण्याचा गंधही नाही ती बाई पोरीला काखेत घेऊन एकेक पायरी खाली गेली. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला. लुगडं पाण्यावर फुगून आलं. पंचफुला भोकाड पसरून रडत होती. मी ओरडले, “वहिनी, पुरे झालं, वर ये!” तिनं पाठीमागं पाहिलंही नाही. आणखी एक पायरी उतरायला तिनं पाय उचलला तेव्हा शेषराव माझ्या अंगावरूनच धावत खाली गेला. त्यानं पोरीला तिच्या काखेतून घेतलं. दोघं तसेच पाण्यात उभे राहिले. मग मी पहिल्यांदा माझ्या भावाला रडताना पाहिलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं.

त्या दिवसापासून भोपळा मंडळ परत सुरू झालं. तळाच्या मातीचा नियम गेला. आता ज्याला पोहता आलं तो पिंपळाला एक तांब्या पाणी घालतो, झालं. पंचफुलेमागं दुसऱ्या पोरीही आल्या, आणि लंगोट धुणाऱ्या बायांनी पोलकी धुवायलाही सुरुवात केली. पोरं पूर्वीसारखीच शिकतात. एक भोपळा सुटतो, दुसरा सुटतो, दोर सुटतो. फुटाणे वाटले जातात.

फक्त पंचफुलेचा दोर सुटला नाही. तिचे भोपळे पंधरा दिवसांत गेले. दुसऱ्या वर्षी ती मासोळीसारखी पोहायला लागली. तिसऱ्या वर्षी ती लहान पोरांना स्वतः शिकवायला लागली, पण कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या शेषरावच्या हातात. तिनं शिकवलेली चिमुरडी पोरं मोकळी पोहायची आणि ती बांधलेली. पोरं हसायची, “पंचफुलाताई, तुले अजून पोहता येत नाई काय?” ती म्हणायची, “येईन ना हळूहळू.”

यंदाच्या, एकोणऐंशीच्या, विजयादशमीला मीच तोंड उघडलं. पंचफुला आता तेरा वर्षांची झाली आहे, इंद्रभान गेला तेव्हा होता तेवढी. सकाळी ती पोलकं-परकर आवळून पायरीवर आली. कमरेला दोर होताच. मी शेषरावला म्हटलं, “भाऊ, आता तरी सोड. पोरगी मोठी झाली. लोक हसून राह्यले.” पंचफुलेनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसले. मग ती पाण्यात शिरली, पाठमोरीच म्हणाली, “बाबा, सोडला काय?”

शेषरावनं हाताकडं पाहिलं. दोर त्यानं मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.

“सोडला वं माय,” तो म्हणाला. “पोह.”

ती पोहत गेली. वहिनी माझ्याजवळ उभी होती, पदरात फुटाणे घेऊन, आणि तिचा हात माझ्या दंडावर इतका रुतला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. पंचफुला विहिरीच्या मध्यापर्यंत गेली, थोडी पुढं गेली, आणि वळली. पुन्हा तेवढीच गेली आणि वळली. समोरची भिंत चार हातांवर होती, पण तिकडं ती गेली नाही. आधी मला वाटलं दमली असेल. मग माझ्या लक्षात आलं. दोर ताणला जाणार, त्याच्या जरा आधी ती वळत होती. मनगटाला हिसका बसू नये, बापाचं खोटं आपल्याला कळलंय हे त्याला समजू नये, म्हणून ती तेवढ्याच पाण्यात गोल गोल पोहत राहिली.

वहिनीनं डोळे पुसले आणि फुटाणे वाटायला घेतले.